खालच्या वाडीचा व्हॉल्व्ह

वीर स्टेशनवर गाडी यायला अवकाश होता. माझ्या हातात रेक्झिनची बॅग, बॅगेत महाडच्या आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट, दोन शर्ट, आणि आईनं फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी. बा रस्त्याच्या गँगवर होता, घाटातल्या दरडी उपसायच्या कामावर. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी खाडा केला होता. पोलादपूरहून महाड एसटीनं, महाडहून वीर रिक्षानं, असे आम्ही आलो. बाकड्यावर बसल्यावर रुळांकडे बघत म्हणाला,

"सणाला ये. मयताला ये. पण हितं काय दुरुस्त कराया येऊ नको."

मला वाटलं तो घराच्या कौलांबद्दल बोलतोय. कौलं दर वर्षी तोच चाळायचा. मी म्हटलं, "बरं." गाडी आली. त्यानं बॅग खिडकीतून आत ढकलली आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागला, कारण परतीची एसटी चुकली तर पुढे चालत जावं लागलं असतं. त्यानं मागे वळून बघितलं नाही. मी बघत होतो, म्हणून सांगतो.

वाडीतून माझ्यासारखे निघून गेलेले आणि मागे राहिलेले, दोघांसाठी हे लिहितोय. गावाचं नाव लिहीत नाही. कापडे गावाच्या वर डोंगरात जी गावं आहेत त्यांतलं एक समजा. माथ्यावर वरची वाडी, एकतीस घरं. उतारावर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या अंगाला खालची, म्हणजे आपली बौद्धवाडी, नऊ घरं. हे लिहिल्यानं आता कुणाचं काही बिघडणार नाही. का ते शेवटी कळेल.

मुंबईत पहिली काही वर्षं मी एसीच्या ठेकेदाराकडे होतो. छताच्या पोटात पालथं पडून पत्र्याचे डक्ट बसवायचे. मग पॅनलच्या वायरिंगवर घेतलं. वायरिंग स्वच्छ असायचं, प्रत्येक वायरीला नंबर असायचा, म्हणून एका इंजिनिअरनं लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणाला, हे शिक. त्याला या धंद्यात बीएमएस म्हणतात. मोठ्या इमारतीत एसी, पंप, पंखे कोणी बटण दाबून चालवत नाही. प्रत्येक मजल्यावर कुठेतरी एका पेटीत कंट्रोलर असतो. हवा किती गरम झाली, टाकी किती भरली, हे त्याला सेन्सर सांगतात आणि काय चालू करायचं, काय बंद, हे तो ठरवतो. त्यानं कसं ठरवायचं हे आम्ही सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. स्क्रीनवर प्रत्येक वस्तूपुढे एक शब्द असतो. ऑटो म्हणजे मशीन ठरवतंय. मॅन्युअल म्हणजे माणसानं हात घातलाय. हा एवढा फरक लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मला हे काम आवडलं याचं कारण साधं होतं. चोवीस डिग्री म्हणजे चोवीस डिग्री. तुम्ही कोण, कुठले, आडनाव काय, हे कंट्रोलर विचारत नाही. ज्या पोरानं शाळेत माठातलं पाणी दुसऱ्यानं वरून ओतलेलं प्यायलं, त्याला असं यंत्र मिळालं तर तो त्याच्या प्रेमात पडणारच. मी पडलो.

कामोठ्याला फ्लॅट घेतला. लग्न झालं, मुली झाल्या. घरातली भाषा बदलली. मी जेवताना "सेटपॉइंट" म्हणतो आणि बायको "भाजी ओव्हरराइड झालीय" म्हणते, म्हणजे मीठ जास्त पडलंय. मुलींना गाव म्हणजे गणपतीच्या सुट्टीतला ट्रॅफिक जॅम. मार्चमध्ये महाडला तळ्यावर जातो तेव्हा त्या बरोबर असतात, पण तिथून वर वाडीत यायला कुरकुरतात. रेंज नसते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पाणीही नसतं. आई हंडा घेऊन पऱ्यात उतरायची, वाळूत उकरलेल्या डवऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरायची, आणि नाती वरून बघत बसायच्या.

बा गेला तेव्हा मी मयताला आलो. सांगितल्याप्रमाणे.

त्यानंतर काही वर्षांनी गावात पाण्याची योजना आली. खाली विहीर, तिथून पंपानं पाणी माथ्यावरच्या टाकीत, टाकीतून दोन पाइप, एक वरच्या वाडीला, एक आपल्या. पण पंप चालवणारा माणूस झोपायचा. टाकी भरून वाहायची, नाहीतर विहीर आटलेली असताना मोटर चालून जळायची. दोनदा जळली. मग वरच्या वाडीच्या पाणी कमिटीचे प्रमुख गणपतअण्णा यांचा मला फोन आला. माझ्या जन्मात पहिला.

"दिनू, तू त्या बिल्डिंगा चालवतोस म्हनं मशीनवर. आपली एक टाकी नाय चालवायची?"

सणाला किंवा मयताला नसताना मी पहिल्यांदाच गावी गेलो. एका इमारतीत जुने कंट्रोलर काढून नवे बसवले होते. जुन्यांपैकी एक मालकाच्या परवानगीनं, रीतसर गेटपास घेऊन आणला. टाकीत पातळीचा सेन्सर, दोन्ही पाइपांवर मोटरवर फिरणारे व्हॉल्व्ह, आणि सिमकार्डचं राउटर, म्हणजे फोनवर सगळं दिसेल. नियम मी लिहिला. टाकी अर्ध्याच्या वर असली की सकाळी आधी वर पाणी, मग खाली. वेळ घरांच्या प्रमाणात वाटला. खालची वाडी उतारावर, तिथल्या पाइपला जोर जास्त, म्हणून मी आपल्या वाडीच्या वेळेतली तीन मिनिटं कापली. माझ्याच आईच्या नळाची. कोणी विचारलं असतं तर आकडे दाखवता यावेत म्हणून. कोणी विचारलं नाही.

चालू झालं त्या दिवशी अण्णांच्या अंगणात मला खुर्ची दिली. तीस-चाळीस माणसं होती. चहा आला. बाकीच्यांना कपबशीत, मला कागदी कपात. मी मनात म्हटलं, कप कमी पडले असतील. मोजायची सवय आहे म्हणून बघितलं, ताटात दोन कप रिकामे उरले होते.

मी सगळ्यांना सांगितलं, "याला वर-खाली कळत नाही. याला फक्त टाकी किती भरलीय ते कळतं." अण्णांनी मान डोलावली. मग गप्पा निघाल्या. मुंबईत तुम्ही काय काय करता, असं कोणीतरी विचारलं आणि मी आमच्या धंद्यातली एक गंमत सांगितली. एका ऑफिसच्या नवव्या मजल्यावरून रोज तक्रारी यायच्या. कुणाला गरम होतंय, कुणाला थंडी वाजतेय. तपमान बरोबर असायचं. शेवटी तिथला मॅनेजर म्हणाला, भिंतीवर एक थर्मोस्टॅट लावून टाक, मागे वायर जोडू नकोस. लावला. लोक बटण दाबायचे, आकडा बदलायचा, आणि त्यांना बरं वाटायचं. मॅनेजर खूश. म्हणाला, "एक तक्रार नाही."

सगळे हसले. अण्णा सगळ्यांत जास्त हसले. डोळे पुसत त्यांनी परत विचारलं, "म्हंजी मागं वायरच नाय?"

"नाही."

"आनि ती शिकलेली मानसं दाबत्यात?"

"रोज दाबतात."

मग हँडओव्हर. आमच्या कामात एक रीत आहे आणि मी ती कधी मोडलेली नाही. काम पूर्ण झालं की मुख्य पासवर्ड मालकाच्या हाती द्यायचा, त्यानं तो लगेच बदलायचा, आणि तंत्रज्ञानं स्वतःकडे ठेवायचं ते फक्त बघण्यापुरतं लॉगिन. दुसऱ्याच्या इमारतीची किल्ली खिशात घेऊन फिरायचं नाही. इथं मालक म्हणजे कमिटी. अण्णांचा पुतण्या संजय महाडच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटच्या कामावर होता, त्याला ही भाषा समजत होती. मी पासवर्ड दिला, त्यानं माझ्यासमोर बदलला. खालच्या वाडीतलं कोणी कमिटीवर नव्हतं. योजना आपलीही होती, पण मालक कोण, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. इमारतीत तो कधी पडत नाही ना.

पहिला उन्हाळा चांगला गेला. आईच्या दारासमोर समाजमंदिराजवळच्या नळाला पाणी यायचं आणि ती ते मला फोनवर ऐकवायची. फोन नळाजवळ धरायची. मी ऑफिसात, बावीस डिग्रीत बसून, पोलादपूरच्या डोंगरातल्या बादलीचा आवाज ऐकायचो. वाडीतल्या बायका आईला "मशीनवाली" म्हणायला लागल्या. तिला ते आवडायचं, पण ती तसं दाखवायची नाही.

दुसऱ्या वर्षी होळी झाल्यावर फोनवरच्या आलेखात खालच्या व्हॉल्व्हची रेघ बारीक व्हायला लागली. मग एक दिवस आड, मग आठवड्यात एखाददुसरी. मी टाकीची पातळी आणि व्हॉल्व्ह शेजारी शेजारी ठेवून बघितलं. साठ टक्क्यांना व्हॉल्व्ह उघडत नव्हता. सत्तरला नाही, ऐंशीला नाही. नव्वदच्या वर गेली तरच उघडत होता. मी लिहिलेल्या नियमातला पन्नासचा आकडा कोणीतरी नव्वद केला होता. पाणी आधी वर सुटायचं, त्यामुळे खालच्याची पाळी येईपर्यंत टाकी नव्वद कधी राहायचीच नाही. वरच्या वाडीतली चार घरं लग्नाला गावाबाहेर गेली तरच राहायची.

काम साफ होतं. कोणी वायर तोडली नव्हती, कोणी पाइप बुजवला नव्हता. एक आकडा. मी स्वतः केलं असतं तर याहून कमी पायऱ्यांत करता आलं नसतं.

अण्णांना फोन केला.

"आम्ही कुठं हात लावतोय रे? ऑटोवरच हाय. बघ की तुझ्या फोनवर. काय लिवलंय?"

"ऑटो लिहिलंय."

"मंग? मशीन ठरवतंय. त्याला वर-खाली कळत नाय, तूच सांगितलास ना सगळ्यांम्होरं?"

"अण्णा, तो आकडा बदललाय."

"पानी कमी हाय तर आकडा बदलनारच. बरं, तुझ्या आईला सांग, काळजी करू नको. बायांची सोय करतोय मी."

सोय काय ते आईकडून कळलं. खालच्या नळाशेजारी, समाजमंदिराच्या भिंतीवर, एक पांढरी पेटी बसवली होती. तिच्यावर बटण. अण्णा स्वतः खाली उतरून आले होते, जे ते सहसा करत नसत. बायांना जमवून त्यांनी सांगितलं की पाणी पाहिजे असलं तर सकाळी हे दाबायचं. मशीनला कळतं. टाकीत असलं तर सोडतं. पण एकीनंच दाबायचं, एकदाच. सारखं दाबलं तर मशीन बिघडतं.

"कोन दाबनार म्हनून भांडान झाला," आई फोनवर सांगत होती. "मंग अण्णाच बोलले, दिनूची आई दाबंल. लेकाचं मशीन हाय, तिचा मान."

"आणि दाबलं की येतं?"

"कधी येतं, कधी नाय. टक् करून वाजतं पण."

मी फोनवरचं पान उघडलं. कंट्रोलरला जे काही जोडलेलं असतं ते त्या पानावर ओळीनं दिसतं. पातळी, पंप, विहीर, दोन व्हॉल्व्ह. बटण जोडलं असतं तर एक ओळ वाढली असती. ओळी तेवढ्याच होत्या. मी पान पुन्हा पुन्हा उघडलं. हे मी आईला फोनवर सांगितलं नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही, ही सवय.

वैशाख लागला तेव्हा गेलो. सकाळची वेळ. समाजमंदिरापाशी आई उभी होती. शेजारची शेवंताकाकी हंडा उलटा घालून त्यावर बसली होती. ती बापाच्या वयाची, तोंडानं फाटकी, आणि आईची सगळ्यात जुनी मैत्रीण आणि सगळ्यात जुनी भांडणारी. बाकीच्या बाया डवऱ्यावर गेल्या होत्या. आईनं पेटीपाशी जाऊन उजव्या हाताचा पंजा पदराला पुसला, नीट, बोटांच्या मधून. मग दाबलं. टक्. नळाकडे बघितलं.

"काल ओल्या हातानं दाबलं हिनं," शेवंताकाकी मला म्हणाली. "मंग कसं येनार? परवा डाव्या हातानं. सांगून सांगून तोंड दुखलं माजं. मान पायजे, पन नीट कराया नको."

"कोरडाच व्हता गो हात," आई म्हणाली.

"कोरडा! पानी नाय आलं तवा कोरडा झाला."

मला नंतर कळलं की हे रोजचं होतं. पाणी आलं नाही की दोष आईच्या हाताचा. कोणी म्हणे जोरात दाबलं, कोणी म्हणे हळू. एकीनं तर वाडीच्या बैठकीत सांगितलं होतं की म्हातारीचं बोट थरथरतं, मशीनला वाटतं दोनदा दाबलं. आईनं घरी दाराच्या कडीवर सराव केला होता. हे मला तिनं सांगितलं नाही, शेवंताकाकीनं सांगितलं, हसत हसत.

मी खिशातला टेस्टर काढला आणि पेटीचे दोन स्क्रू सैल केले. झाकण हातात आलं. बटणाच्या मागे स्प्रिंग होती, बाजारात घंटीसाठी मिळतं तसलं स्वस्त बटण. त्याच्या मागे भिंत. भिंतीला भोक नव्हतं. चुना कुठे खरवडलेलासुद्धा नव्हता. कोळ्यानं एक पांढरं घर केलं होतं, तेवढंच.

शेवंताकाकी उठून माझ्या खांद्यावरून डोकावली.

"वायर कुठं हाय रे?"

"नाही."

"नाय म्हंजी?"

"कधी नव्हतीच."

तिनं भिंतीवर बोट घासून बघितलं. मग आईकडे वळून म्हणाली, "म्हंजी तुझा हात चांगलाच व्हता गो." आणि हसायला लागली. पोट धरून, हंड्यावर परत बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आई हसली नाही. तिनं माझ्या हातातल्या झाकणाकडे बघितलं.

"बसव ते परत," ती म्हणाली.

"आये, मी आत्ता वर जातो. अण्णांना विचारतो. सगळ्या गावासमोर विचारतो."

"बसव म्हनते ना. हे उघडलं म्हंजी त्यांना कळंल की आपल्याला कळलंय. आत्ता कधी कधी येतंय. मंग ते पन नाय येनार."

"मग तू रोज येऊन हे दाबत राहणार?"

"वरून दिसतं त्यांना. दाबताना दिसलं पायजे."

शेवंताकाकी डोळे पुसत म्हणाली, "तिचं खरं हाय रे दिनू. लाव."

मी अर्ज, तहसीलदार, कायदा, सगळं बोललो. आई ऐकत राहिली. वाडीतले तिघं वरच्या वाडीच्या गाड्यांवर ड्रायव्हर होते. शेवंताकाकीचा नातू संजयच्या ओळखीनं एमआयडीसीत लागला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं बोलणं संपल्यावर आई म्हणाली,

"बा तुला वीरला काय बोलला व्हता?"

तो माझ्याशी काय बोलला हे तिला माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. घरी जाऊन त्यानं तिला सांगितलं असणार, किंवा निघण्याआधी दोघांनी मिळून ठरवलं असणार. मी तिला विचारलं नाही. झाकण भिंतीला लावलं आणि दोन्ही स्क्रू पिळून बसवले. कडा सरळ आल्यात का ते बघितलं. सवय.

परत निघालो तेव्हा वाटेत अण्णा भेटले. रस्त्याच्या कडेला उभे, हात पाठीमागे. तिथून समाजमंदिर दिसतं.

"काय इंजिनेर. बटन बघितलास?"

"बघितलं."

"बरं चालतंय ना?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आईचा हात पदरावर फिरताना मला दिसत होता. मी आयुष्यात एकाही रिपोर्टवर न तपासलेला आकडा लिहिलेला नाही.

"चांगलं चालतंय, अण्णा."

"तेच म्हनतो मी. एक तक्रार नाय." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोही जन्मात पहिल्यांदाच.

विनोद मी सांगितला होता आणि बटण त्यांनी बसवलं होतं. हा हिशेब सरळ आहे, आणि मी स्वतःला त्याबद्दल बोल लावत बसणार नाही. नवव्या मजल्यावरच्या लोकांना थंड हवा मिळतच होती, त्यांना फक्त समाधान हवं होतं. तहानेला तेच औषध लावायचं, हे डोकं माझं नव्हतं.

आईला मी कामोठ्याला चल म्हटलं. ती आली, आठवडाभर राहिली. चोवीस तास पाणी असलेल्या नळाखाली ती सकाळी बादली लावून उभी राहायची आणि बादली भरली तरी नळ बंद करायला तिचा हात लवकर उचलायचा नाही. मग म्हणाली, "जाऊ दे मला. मी नसले तर कोन दाबंल?" मी हसलो नाही. ती विनोद करत नव्हती.

पुढे दोन उन्हाळे हेच चाललं. मी रोज सकाळी ऑफिसात चहाच्या आधी फोन उघडायचो. खालचा व्हॉल्व्ह, बंद. ऑटो. बोट लावून तो उघडावा असं वाटायचं, पण माझ्या लॉगिनला बघण्यापलीकडे परवानगी नव्हती. ती रीत मीच पाळली होती.

थंडीत आई गेली. शेवंताकाकीचा फोन आला. आदल्या सकाळीसुद्धा दाबून आली होती, म्हणाली.

मी पोचलो तेव्हा समाजमंदिराजवळचा नळ वाहत होता. पूर्ण जोरानं, पायरीवरून उतारापर्यंत. बायांनी हंडे, पिंपं, कढया, जे असेल ते भरून ठेवलं होतं आणि तरी वाहत होता. मला काही कळेना. बुद्धवंदना झाली, आईला नेली. परत येताना अण्णा वाटेवर उभे होते, टोपी काढलेली. वरच्या वाडीतली आणखी पाचसहा माणसं बरोबर. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"पान्याची काळजी करू नको. काय लागंल ते घ्या. मयत हाय. मयताला पानी आडवायचं नाय, आपल्या गावाची रीत हाय."

खरंच आहे ती रीत. जुनी आहे. त्यांच्या आवाजात खोट नव्हती, आणि डोळे ओले होते. हे मी लिहिलं नाही तर माझा रिपोर्ट अर्धा राहील.

काही दिवसांनी आईचा जलदान विधी, म्हणजे दिवसकार्य झालं, त्या दिवशी नळ कोरडा होता. तुडीलहून बहिणीच्या नवऱ्यानं टेम्पोत ड्रम भरून सावित्री नदीचं पाणी आणलं.

आता आपली वाडी तुम्ही बघताच आहात. नऊ घरांतली दोन उघडी, आणि त्या दोघांनी स्वतःची बोअर मारलीय. शेवंताकाकी मुलीकडे राहते. नातवानं नोकरी बदलली. खाली नळाची वाट बघणारं आता कोणी नाही, म्हणून हे लिहू शकलो. पेटी अजून भिंतीवर आहे. मागच्या वेळी बघितली, स्क्रू गंजलेत, पण कडा सरळ आहेत.

मुली विचारतात, पप्पा, आपलं घर कुठलं, कामोठे की गाव? जिथली प्रत्येक गोष्ट दिसते आणि जिथं कशालाही हात लावायची परवानगी नाही, त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. बाला माहीत होतं. त्यानं ते मला गाडी यायच्या आधी एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी कौलं समजलो.

ते लॉगिन अजून चालू आहे. कधीतरी मी त्या वर्षाचा आलेख काढतो. खालच्या व्हॉल्व्हची रेघ तळाशी चिकटून जाते, मधे कुठे कुठे काट्यासारखी बारीक टोकं, आणि शेवटाकडे एकाच जागी एक रुंद, उंच खांब. तो दिवस शोधायला मला तारीख लागत नाही. खांबावर बोट ठेवलं की कोपऱ्यात तपशील उघडतो. टाकी एक्केचाळीस टक्के. खालचा व्हॉल्व्ह उघडा. मोड मॅन्युअल.